डॉक्युमेंटेशनमधली टायपो दुरुस्त करायचीय? अक्षर बदलणं सोपं आहे, बाकीचं आधी वाचा

एखाद्या सॉफ्टवेअरचं डॉक्युमेंटेशन वाचताना मधेच एक चुकीचं स्पेलिंग डोळ्यात खुपतं, आपण मनातल्या मनात "अरे हे काय" म्हणतो आणि पुढे जातो. सगळेच पुढे जातात, म्हणून तर ती चूक तिथे वर्षानुवर्षं ठाण मांडून बसलेली असते. पण सॉफ्टवेअर ओपन सोर्स असेल तर ती तुम्हीच दुरुस्त करू शकता, कुणाची ओळख लागत नाही, कोडिंग यायलाच पाहिजे असंही नाही, आणि खरं सांगायचं तर अक्षर बदलायला एक मिनिटसुद्धा लागत नाही. वेळ जातो तो दुसरीकडेच. ही खरंच चूक आहे का, ती मुळात कुठल्या फाइलमधे राहते, आणि ती हलवली तर तिच्यासोबत अजून काय काय हलेल हे बघण्यात. मी पहिल्यांदा यातलं काहीएक न बघता उडी मारली होती आणि तोंडावर आपटलो, तो किस्सा पुढे येतोच.

"एवढ्याशा चुकीने कुणाचं काय अडतं" असं वाटत असेल तर सांगतो, अडतं ते सर्चमधे. एखाद्या सेटिंगबद्दल शोधताना तुम्ही शब्द बरोबर टाइप करता आणि पानावर तो चुकीचा लिहिलेला असतो, मग ते पान तुम्हाला सापडतच नाही. लिनक्स कर्नलच्या (लिनक्सचा गाभा) पॅच, म्हणजे छोटे बदल, पाठवायच्या सूचनांमधे किरकोळ पॅच कशाला म्हणायचं याची यादी होती, त्यात डॉक्युमेंटेशनमधल्या स्पेलिंगच्या चुका आणि ज्या चुकीमुळे ग्रेप (फाइल्समधे शब्द शोधायची कमांड) मारल्यावर शब्द सापडणार नाही अशा चुका, असे दोन प्रकार वेगवेगळे मोजले होते. म्हणजे प्रश्न शोभेचा नाही, शोधण्याचा आहे. शिवाय मशीन ट्रान्सलेशन लावून वाचणारे खूप जण असतात, आणि चुकलेला शब्द मशीनला कळला नाही की ते एकतर तसाच ठेवून देतं नाहीतर भलताच अर्थ लावतं.

आधी चूक कुठली आहे ते शोधा

सगळ्यात आधी हे बघा की तुम्ही वाचताय ते पान कुठल्या व्हर्जनचं आहे. बऱ्याच प्रोजेक्टची डॉक्युमेंटेशन साइट एकाच वेळी चार-पाच व्हर्जन दाखवत असते आणि गुगल हमखास जुन्यावरच नेऊन सोडतं. कोपऱ्यात व्हर्जन बदलायचा मेनू असतो, तिथून "लेटेस्ट" किंवा "डेव्ह" निवडा आणि चूक अजून आहे का बघा, कदाचित कुणीतरी सहा महिन्यांपूर्वीच ती काढली असेल. मग रिपॉझिटरीत, म्हणजे प्रोजेक्टच्या सगळ्या फाइल्स असतात तिथे जाऊन उघड्या पुल रिक्वेस्टमधे (लोकांनी पाठवलेल्या, अजून न घेतलेल्या बदलांमधे) तो शब्द सर्च करा, कारण एकच टायपो तीन जणांनी पाठवलेली मी पाहिलीय. मेंटेनरला, म्हणजे प्रोजेक्ट सांभाळणाऱ्याला, त्यातली एक घेऊन बाकीच्या दोघांची समजूत काढत बसावं लागतं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. साइटवर दिसणारं पान ही बऱ्याचदा मूळ फाइल नसतेच, ती कशातून तरी तयार झालेली असते. एपीआय रेफरन्सची पानं (कुठलं फंक्शन कसं वापरायचं ते सांगणारी) बहुतेक वेळा कोडमधल्या कॉमेंट्समधून बनतात, पायथॉनमधे डॉकस्ट्रिंगमधून, जावामधे जावाडॉकमधून, सी प्लस प्लसवाले डॉक्सिजन वापरतात. मॅन पेज (टर्मिनलमधे दिसणारं कमांडचं माहितीपान) असेल तर तेही कुठूनतरी जनरेट झालेलं असण्याची शक्यता जास्त. गिटची (फाइल्समधले बदल नोंदवणारं टूल) मॅन पेजेस अॅस्कीडॉक फॉरमॅटमधल्या फाइल्समधून बनतात, आणि कर्लचं ते लांबलचक मॅन पेज तर प्रत्येक ऑप्शनची वेगळी छोटी फाइल असते त्या सगळ्या जोडून तयार होतं. तुम्ही जनरेट झालेल्या फाइलमधे चूक दुरुस्त केली तर पुढच्या बिल्डला, म्हणजे पानं परत तयार होतील तेव्हा, ती चूक परत हजर, आणि तुमची मेहनत वाया. फाइलच्या सुरुवातीलाच "ही फाइल आपोआप तयार झालीय, हात लावू नका" अशी ओळ असते बरेचदा, ती वाचायची सवय लावा.

सोपा उपाय म्हणजे रिपॉझिटरी क्लोन करून (आपल्या मशीनवर उतरवून) त्या चुकलेल्या शब्दावर गिट ग्रेप मारायचं. शब्द कुठे कुठे आहे ते सगळं एका फटक्यात समोर येतं, डॉक्स फोल्डरमधे आहे का, सोर्स कोडमधे आहे का, की "व्हेंडर" किंवा "थर्ड पार्टी" अशा नावाच्या फोल्डरमधे आहे. या शेवटच्या प्रकाराला हात लावायचा नाही, तो दुसऱ्याच प्रोजेक्टचा माल इथे कॉपी करून ठेवलेला असतो, दुरुस्ती तिकडे मूळ घरी पाठवायची. डिस्ट्रोच्या, म्हणजे डेबियनसारख्या तयार लिनक्स सिस्टिमच्या, पॅकेजेसचं पण तसंच. डेबियनचं लिंटियन नावाचं टूल पॅकेज तपासताना मॅन पेजमधल्या स्पेलिंगच्या चुका वेगळा टॅग लावून दाखवतं, पण मॅन पेज मूळ प्रोजेक्टने लिहिलेलं असेल तर दुरुस्ती अपस्ट्रीमला म्हणजे त्या मूळ प्रोजेक्टकडे गेली पाहिजे, तरच ती सगळ्या डिस्ट्रोत पोचते.

ग्रेपचा अजून एक फायदा आहे. एका माणसाने एकदा केलेली चूक तो सहसा पाच ठिकाणी करतो (किंवा कॉपी-पेस्टने ती पाच ठिकाणी जाते), त्यामुळे एक सापडली की बाकीची चार पण तिथेच सापडतात.

चूक दिसतेय पण चूक नाहीये

इथे सगळ्यात जास्त लोक फसतात. सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण एचटीटीपीमधल्या रेफरर हेडरचं (तुम्ही कुठल्या पानावरून आलात ते ब्राउझर सर्व्हरला सांगतो ती ओळ). इंग्रजीत त्या शब्दात मधे दोन आर पाहिजेत, पण स्पेसिफिकेशनमधे एकच आर लिहिला गेला, १९९६ च्या आरएफसी १९४५ या एचटीटीपीच्या दस्तऐवजामधे तो तसाच छापला गेला, आणि तोवर सर्व्हर आणि ब्राउझर तेच स्पेलिंग वापरायला लागले होते, त्यामुळे आज जगातला प्रत्येक ब्राउझर ते चुकीचं स्पेलिंगच पाठवतो. डॉक्युमेंटेशनमधे तुम्ही ते "दुरुस्त" केलंत तर वाचणारा दोन आर लिहून कोड लिहील आणि त्याचा कोड चालणार नाही. गंमत म्हणजे नंतर आलेल्या रेफरर-पॉलिसी हेडरमधे मात्र दोन आर बरोबर आहेत, म्हणजे एकाच पानावर दोन्ही स्पेलिंग असू शकतात आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर. युनिक्समधला फाइल तयार करायचा सिस्टिम कॉल पण तसाच, क्रिएटच्या शेवटचा ई त्यात नाहीच. युनिक्स बनवणाऱ्यांपैकी एक असलेल्या केन थॉम्प्सनला कुणीतरी विचारलं होतं की युनिक्स परत बनवायचं झालं तर काय बदलाल, तर तो म्हणे त्यात ई घालीन.

तर नियम असा की कोडमधलं नाव, फंक्शन, व्हेरिएबल, कॉन्फिग फाइलमधलं सेटिंगचं नाव, कमांडचा ऑप्शन, यातलं काहीही डॉक्युमेंटेशनमधे चुकीचं दिसलं तर आधी कोडमधे ते कसं आहे ते बघा. कोडमधे पण चुकीचंच असेल तर डॉक्युमेंटेशन बरोबर आहे, कारण त्याचं काम कोड जसा आहे तसा सांगणं हे आहे. कोडमधलं नाव बदलायचं असेल तर तो वेगळा आणि मोठा विषय, त्याने लोकांचे चालू प्रोग्राम मोडू शकतात, तो टायपोच्या पुल रिक्वेस्टमधे गुपचूप घुसवायचा नाही. कमांडचं नमुना आउटपुट दिलेलं असेल आणि त्यात चूक असेल तर पण तेच, प्रोग्राम खरंच तसं छापतो का ते चालवून बघा. पायथॉनच्या बऱ्याच प्रोजेक्टमधे डॉक्युमेंटेशनमधली उदाहरणं डॉकटेस्टने तपासली जातात, तिथे आउटपुटमधलं एक अक्षर जरी बदललं तरी टेस्ट फेल होते.

ब्रिटिश आणि अमेरिकन स्पेलिंगचा वाद तर सोडूनच द्या. कलरमधे यू आहे की नाही, शेवटी आइज लिहिताना झेड की एस, यात चूक कुणाचीच नाही. प्रोजेक्टची स्टाइल गाइड असेल तर ती बघा, नसेल तर आहे तसं राहू द्या. जुन्या चेंजलॉगला आणि रिलीज नोट्सना पण हात लावू नका, तो इतिहास आहे.

आता माझा किस्सा. मी एका प्रोजेक्टवर स्पेलिंग तपासायचं टूल पूर्ण रिपॉझिटरीवर सोडलं, "आपोआप दुरुस्त कर" असा ऑप्शन लावून, आणि जे काय बदललं ते न वाचता पाठवून दिलं. फाइल्स शंभरच्या वर होत्या आणि मला वाटलं काय भारी काम केलं. टेस्ट लगेच लाल झाल्या. कारण त्या प्रोजेक्टमधे चुकीचं टाइप केलेला शब्द ओळखून बरोबर शब्द सुचवायची सोय होती आणि तिच्या टेस्टसाठी मुद्दाम चुकीच्या स्पेलिंगची एक फाइल ठेवली होती, जी मी अगदी मन लावून शुद्ध करून टाकली होती. मेंटेनरने शांतपणे लिहिलं की फक्त डॉक्स फोल्डरचं वेगळं पाठव, बाकीचं बंद करतोय. बिचारा चिडला नाही, पण चिडला असता तरी चाललं असतं.

ब्राउझरमधून, म्हणजे सगळ्यात सोपा रस्ता

एक-दोन शब्दांची चूक असेल तर काही इन्स्टॉल करू नका. डॉक्युमेंटेशनच्या पानावर वर किंवा खाली "एडिट धिस पेज" अशी लिंक असते, ती सरळ मूळ फाइलवर नेते, म्हणजे फाइल शोधायचा त्रासही वाचतो. गिटहबवर (बरेच ओपन सोर्स प्रोजेक्ट असतात ती साइट) फाइल उघडली की उजवीकडे पेन्सिलचं चिन्ह दिसतं, ते दाबलं की त्या प्रोजेक्टचा फोर्क, म्हणजे तुमच्या अकाउंटमधली प्रत, बनवायचं बटण येतं, ते दाबा, तुम्ही अक्षर बदलता, "प्रपोज चेंजेस" दाबता, आणि पुढच्या पानावर पुल रिक्वेस्ट उघडता. ब्रँचचं (तुमच्या बदलाच्या वेगळ्या शाखेचं) नाव ते स्वतःच पॅच-१ वगैरे देतं, चालतं. गिटलॅबवर पण असाच प्रकार आहे, जीनोम आणि केडीई या लिनक्सच्या डेस्कटॉपचे प्रोजेक्ट गिटलॅबवर आहेत. एमडीएनचा (वेब डेव्हलपरसाठीचं डॉक्युमेंटेशन) मजकूर २०२० च्या डिसेंबरपासून गिटहबवर आहे त्यामुळे तिथेही हाच रस्ता. आणि डॉक्युमेंटेशन विकीवर असेल, आर्चविकीसारखं, तर अजून सोपं, अकाउंट काढा, एडिट दाबा, खाली काय बदललं ते एका ओळीत लिहा आणि सेव्ह करा.

कर्नलसारख्या ठिकाणी अजून ईमेलनेच पॅच जातो. तिथे गेट-मेंटेनर नावाची स्क्रिप्ट आहे जी सांगते की या फाइलचा पॅच कुणाकुणाला पाठवायचा. पहिलीच वेळ असेल तर सुरुवात तिथून करू नका असं माझं मत आहे, ईमेलमधे पॅच नीट पाठवायला शिकण्यात जितका वेळ जातो तितक्यात दहा टायपो दुसरीकडे निघतील.

जास्त चुका असतील तर मशीनवर घ्या

टूल्स भरपूर आहेत, पण दोन जातींचा फरक समजून घ्या. हन्स्पेल किंवा अॅस्पेल ही डिक्शनरीवाली जात, जो शब्द डिक्शनरीत नाही तो चूक, त्यामुळे टेक्निकल मजकुरावर चालवलं की प्रत्येक कमांडचं नाव, प्रत्येक लायब्ररीचं नाव लाल होतं आणि त्या ढिगात खरी चूक हरवते. कोडस्पेल उलटं चालतं, त्याच्याकडे लोक नेहमी करतात त्या चुकांची यादी आहे आणि फक्त त्या यादीतलं काही दिसलं तरच ते बोलतं. त्यामुळे उगाच ओरडत नाही, पण कुणी नवीनच चूक शोधून काढली असेल तर ती त्याला कळत नाही. मी आधी कोडस्पेल चालवतो, फक्त डॉक्स फोल्डरवर. काहीच ऑप्शन नाही दिला तर ते फक्त चुका दाखवतं, डॅश छोटा डब्ल्यू दिला तर फाइलमधे बदल करतं, आणि डब्ल्यूसोबत डॅश छोटा आय आणि पुढे ३ हा आकडा दिला तर प्रत्येक ठिकाणी तुम्हाला विचारतं. विचारायला लावा, वरचा किस्सा आठवा. एखाद्या चुकीला दोन-तीन शक्य शब्द असतील तर डब्ल्यू एकट्याने ती बदलत नाही, नुसते पर्याय दाखवून सोडतं, ते योग्यच आहे. रस्टमधे लिहिलेलं टायपोज नावाचं टूल पण चांगलं आहे, ते एकत्र जोडलेली व्हेरिएबलची नावं तोडून आतले शब्द बघतं. विम एडिटर वापरणाऱ्यांना तर काहीच नको, "सेट स्पेल" म्हणा, उजवा चौकोनी कंस आणि एस दाबलं की पुढच्या चुकीवर उडी, झेड आणि बरोबरचं चिन्ह दाबलं की सुचवण्या.

पण काही चुका कुठलंच स्पेलचेकर धरत नाही कारण चुकलेला शब्दही खराच शब्द असतो. फ्रॉमचं फॉर्म होतं, लूझमधे एक ओ जास्त पडतो, इट्सला नको तिथे अपॉस्ट्रॉफी लागतो, पब्लिकमधला एल गळतो आणि जे उरतं ते डिक्शनरीला मान्य असतं पण वाचणाऱ्याला नाही. लॉगिन, सेटअप, बॅकअप हे शब्द नाम म्हणून इंग्रजीत जोडून लिहितात आणि क्रियापद म्हणून तोडून, हे डॉक्युमेंटेशनमधे सर्रास उलटसुलट असतं. एकच शब्द दोनदा लागोपाठ येणं हा अजून एक प्रकार, "द द" किंवा "टू टू", आणि हा बहुतेक वेळा ओळीच्या शेवटी एक आणि पुढच्या ओळीच्या सुरुवातीला एक असा लपतो, त्यामुळे ओळ-ओळ बघणाऱ्या ग्रेपला सापडत नाही, डोळ्यांनीच वाचावं लागतं.

सगळ्यात धोक्याची जोडी म्हणजे नाऊ आणि नॉट. इंग्रजीत दोन्ही तीन अक्षरी, फरक शेवटच्या एका अक्षराचा, आणि अर्थ एकदम उलटा, "हा ऑप्शन आता चालतो" आणि "हा ऑप्शन चालत नाही". वाक्य विचित्र वाटलं म्हणून अंदाजाने टीचं डब्ल्यू करू नका. ऑप्शन खरंच चालतो का बघा, किंवा गिट ब्लेम लावून ती ओळ कुठल्या कमिटने (नोंदवलेल्या बदलाने) आली ते काढा, त्या कमिटच्या मेसेजमधे बहुतेक उत्तर असतं. तेही जमत नसेल तर दुरुस्ती न पाठवता इश्यू, म्हणजे प्रोजेक्टच्या साइटवर प्रश्नाची नोंद, उघडून विचारा, हे वाक्य असं पाहिजे का तसं.

अक्षर बदललं आणि दुसरंच काही मोडलं

हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. शीर्षकातली टायपो दुरुस्त केली की त्या शीर्षकाची लिंक बदलते, कारण मार्कडाउनच्या (साध्या मजकुरात खुणा घालून लिहायची पद्धत) बहुतेक साइट्स शीर्षकाच्या शब्दांवरूनच लिंकचा शेवटचा भाग बनवतात. म्हणजे बाकी पानांवरून त्या जागी येणाऱ्या लिंका तुटतात. ग्रेप मारून रिपॉझिटरीतल्या लिंका तरी त्याच पुल रिक्वेस्टमधे बदला, आणि बाहेरच्या साइट्सवरून लोक येत असतील असं वाटलं तर मेंटेनरला तसं लिहून विचारा. फाइलच्याच नावात चूक असेल तर रिडायरेक्ट लागतो, तो त्यांच्यावर सोडा.

रीस्ट्रक्चर्डटेक्स्टमधे, म्हणजे स्फिंक्सवाल्या प्रोजेक्टमधे, शीर्षकाच्या खाली बरोबरच्या चिन्हांची किंवा डॅशची ओळ असते आणि ती निदान शीर्षकाइतकी लांब असावी लागते. शीर्षकात एक अक्षर वाढलं आणि खालची ओळ तितकीच राहिली की स्फिंक्स वॉर्निंग देतं, आणि वॉर्निंगला एरर मानणारे प्रोजेक्ट बरेच आहेत, तिथे बिल्डच पडतो. एक चिन्ह वाढवा, झालं.

तुमच्या एडिटरवर पण लक्ष ठेवा. सेव्ह करताना ओळीच्या शेवटच्या मोकळ्या स्पेस काढून टाकायची सेटिंग चालू असते बऱ्याच जणांची, आणि मार्कडाउनमधे ओळीच्या शेवटी दोन स्पेस म्हणजे लाइन ब्रेक असतो, तो गायब होतो. वर एका शब्दासाठी चाळीस ओळी बदललेल्या दिसतात. परिच्छेदाच्या ओळी परत नीट मापात बसवायचा मोह पण आवरा, ओळ थोडी लांब झाली तर होऊ द्या. पाठवायच्या आधी गिट डिफला वर्ड-डिफचा ऑप्शन लावून बघा, शब्दागणिक काय बदललं ते दिसतं, आणि तुम्ही बदललेल्या शब्दांशिवाय तिथे एक जरी गोष्ट दिसली तरी ती काढा. तसंच पूर्ण परिच्छेद एआयला देऊन "दुरुस्त कर" म्हणू नका, ते चूक काढतं आणि सोबत चार बरोबर वाक्यंही बदलून देतं.

प्रोग्राम स्क्रीनवर जे मेसेज दाखवतो त्यातली इंग्रजी टायपो हा अजून अवघड प्रकार. भाषांतरासाठी गेटटेक्स्ट हे टूल वापरणाऱ्या प्रोजेक्टमधे मूळ इंग्रजी वाक्य हीच भाषांतराची किल्ली असते. त्या वाक्यात एक अक्षर बदललं की पीओ फाइल्स (प्रत्येक भाषेच्या भाषांतराच्या फाइल्स) अपडेट करताना सगळ्या भाषांमधलं त्या वाक्याचं भाषांतर "फझी" होतं, म्हणजे कुणीतरी परत तपासेपर्यंत ते वापरलंच जात नाही आणि लोकांना अचानक इंग्रजी दिसायला लागतं. उपाय आहे, सगळ्या पीओ फाइल्समधे पण ते मूळ वाक्य त्याच वेळी बदलायचं, पण प्रोजेक्टची पद्धत काय आहे ते विचारूनच. रिलीज तोंडावर आलेली असताना भाषांतरकारांसाठी मजकूर गोठवलेला असतो, तेव्हा असली दुरुस्ती पाठवली तर ती थांबवून ठेवतात, त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही.

कमिट आणि पुल रिक्वेस्ट

आधी कॉन्ट्रिब्यूटिंग नावाची फाइल वाचा, पाच मिनिटं लागतात. काही ठिकाणी साध्या टायपोसाठी आधी इश्यू उघडायची गरज नसते, जँगो या पायथॉनच्या प्रोजेक्टमधे असल्या किरकोळ दुरुस्तीला तिकीट लागत नाही, तर काही ठिकाणी कमिटच्या सुरुवातीला "डॉक्स" आणि पुढे कोलन असा साचा हवा असतो. मेसेज छोटा आणि आज्ञार्थी, "इन्स्टॉल गाइडमधली टायपो काढा" या धर्तीवर इंग्रजीत, पन्नासेक अक्षरांत. नुसतं "अपडेट रीडमी" लिहू नका, ब्राउझर तेच सुचवतो आणि त्यातून कुणाला काही कळत नाही.

काही प्रोजेक्ट साइन्ड-ऑफ-बाय ही ओळ मागतात, त्यामागे २००४ पासून चालत आलेलं डेव्हलपर सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन आहे, म्हणजे "हे मीच लिहिलंय आणि द्यायचा हक्क मला आहे" असं तुम्ही सांगता. गिट कमिटला डॅश छोटा एस दिलं की ओळ आपोआप येते. राहिली असेल तर बॉट लाल खूण करतो, कमिट अमेंड (दुरुस्त) करून परत पुश करा (म्हणजे पाठवा), घाबरू नका. आणि हो, कमिटमधला तुमचा ईमेल सगळ्या जगाला कायमचा दिसतो, नको असेल तर गिटहबच्या सेटिंगमधे नोरिप्लायवाला पत्ता मिळतो तो वापरा.

एका चुकीला एक पुल रिक्वेस्ट असं करत दहा पाठवू नका, आणि शंभर फाइल्सची एकही नको. एका फोल्डरमधल्या किंवा एका विषयाच्या चुका एकत्र, हे माप बरं पडतं. वर्णनात एखादं वाक्य पुरे, आणि एखादा बदल निव्वळ स्पेलिंगचा नसेल, नाऊ-नॉटसारखा, तर तो का केला ते आवर्जून लिहा.

मेंटेनर लोक टायपोच्या पुल रिक्वेस्टकडे कधीकधी संशयाने का बघतात हेही माहीत असू द्या. २०२० च्या हॅक्टोबरफेस्टमधे (ऑक्टोबर महिन्यातला ओपन सोर्सचा उपक्रम) चार पुल रिक्वेस्ट केल्या की टीशर्ट मिळायचा, तर लोकांनी रीडमीमधे "अमेझिंग प्रोजेक्ट" असले शब्द घुसवून रिक्वेस्टचा पाऊस पाडला, शेवटी महिना सुरू असतानाच नियम बदलून ज्या प्रोजेक्टला भाग घ्यायचाय त्यांनीच तसं जाहीर करायचं असं करावं लागलं. तुमची दुरुस्ती खरी असेल तर ती डिफ (काय काय बदललं ते दाखवणारा मजकूर) बघूनच कळते. उत्तर नाही आलं तर दोन-तीन आठवडे थांबा, मग एक नम्र आठवण, त्यानंतर सोडून द्या.

मराठी भाषांतरातल्या चुका

लिबरऑफिस, फायरफॉक्स, वर्डप्रेस ही सगळी मराठीतही आहेत आणि इथे तर वाचून चुका ओळखणारे आपणच. इथे सहसा पुल रिक्वेस्ट लागत नाही, लिबरऑफिसचं भाषांतर वेबलेटवर चालतं, मोझिलाचं पाँटूनवर, वर्डप्रेसची स्वतःची भाषांतराची साइट आहे. लॉगिन करून वाक्य शोधायचं, सुधारित वाक्य सुचवायचं, तपासणारा ते मंजूर करतो.

नेहमी दिसणाऱ्या चुका ठरलेल्या आहेत. "सुरू" मधला शेवटचा रू दीर्घ, कारण मराठीत शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ असतो, पण "सुरुवात" मधला रु मधे आला म्हणून ऱ्हस्व, आणि "आणि" हा नियमाला अपवाद. "शुद्ध" मधे द ला ध जोडायचा, "शुध्द" असं उलटं नाही. आणि खुद्द "दुरुस्त" हा शब्द लोक "दुरूस्त" लिहितात, म्हणजे दुरुस्तीच्या बटणावरच चूक.

यापेक्षा किचकट भानगड "दुसऱ्या", "करणाऱ्या" या शब्दांची आहे. कीबोर्डने साथ दिली नाही की लोक "दुसर्या" लिहितात, रफार वर चढतो. तो दुरुस्त करताना अर्धा र युनिकोडमधे दोन प्रकारे लिहिता येतो, एक नुक्तावाला ऱ वापरून आणि दुसरा साध्या र नंतर हलन्त आणि न दिसणारा झिरो विड्थ जॉइनर टाकून. स्क्रीनवर दोन्ही अगदी सारखे दिसतात पण कंप्युटरला ते वेगळे शब्द वाटतात, सर्चमधे एक टाकलं तर दुसरं मिळेलच असं नाही. त्यामुळे त्या प्रोजेक्टच्या बाकीच्या भाषांतरात कुठला प्रकार आहे ते बघून तोच ठेवा. "फाइल" की "फाईल" याचंही कलरच्या यूसारखंच, प्रोजेक्टची शब्दसूची असेल ती पाळा, आणि नसेल तर एकाच मेनूत दोन्ही नसले म्हणजे झालं. मराठीत एका शब्दाला इतके प्रत्यय लागतात की स्पेलचेकर बरोबर शब्दांनाही लाल करत सुटतो, त्याचं सगळंच मनावर घेऊ नका.

मर्ज झाल्यावर

पुल रिक्वेस्ट मर्ज झाली, म्हणजे प्रोजेक्टमधे घेतली गेली, तरी साइटवर चूक तशीच दिसेल कदाचित. "लेटेस्ट" पान थोड्या वेळात बदलतं, "स्टेबल" मात्र बहुतेक ठिकाणी पुढचं रिलीज आल्यावरच. त्यामुळे दुसऱ्या दिवशी परत दुसरी रिक्वेस्ट पाठवू नका (हो, मी पाठवलीय). पॅच-१ ब्रँच डिलीट करा, आणि फोर्क ठेवणार असाल तर पुढची टायपो काढायच्या आधी "सिंक फोर्क" दाबा, नाहीतर चार महिने जुन्या फाइलमधे दुरुस्ती कराल आणि पाठवताना कळेल की तो परिच्छेदच त्यांनी मधल्या काळात काढून टाकलाय.